चांद्याच्या वेशीवरचा सिंह



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला बजावलं होतं, "आठवणींचे लेख भरपूर आलेत, तू काहीतरी माहितीचं लिही." म्हणून विषय निवडला आपल्या विदर्भातल्या एका राजचिन्हाचा. चंद्रपूरच्या किल्ल्याच्या दरवाजांवर एक सिंह कोरलेला आहे आणि त्याच्या पंजाखाली हत्ती आहे. त्या दोघांचा अर्थ काय, हा या लेखाचा प्रश्न. चंद्रपूरला पोचण्याआधी मात्र थोडं जर्मनीतून जाऊ, कारण चिन्ह नुसतं पाहायचं नसतं, वाचायचंही असतं, याचे पहिले धडे मी तिथे घेतले.

कंपनीच्या कामानिमित्त मी दोन वर्षं फ्रँकफर्टजवळ राहिले. त्या भागातली कितीतरी गावं आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढीच, पण प्रत्येकाचं स्वतःचं चिन्ह असतं. ढालीच्या आकारातलं हे चिन्ह गावाच्या कचेरीवर, अग्निशमनाच्या गाडीवर, कागदपत्रांच्या माथ्यावर दिसतं. कुणाच्या ढालीवर पाणचक्कीचं चाक, कुणाच्या ढालीवर नदीच्या लाटा, कुठे गव्हाच्या ओंब्या, कुठे गावातल्या चर्चच्या संताची किल्ली. काही चिन्हं तर गावाचं नावच उच्चारतात. बर्लिनच्या चिन्हावर अस्वल आहे, कारण जर्मन भाषेत अस्वलाचा शब्द बर्लिनच्या पहिल्या अक्षरांशी जुळतो. म्युनिक या नावाचं मूळ मठातल्या भिक्षूंशी जोडलेलं, म्हणून तिथल्या चिन्हावर भिक्षू.

मला सगळ्यात आवडलं ते सहा आऱ्यांचं चाक. त्या पट्ट्यातल्या अनेक गावांच्या ढालीवर ते दिसतं. हे चाक माइन्त्स शहराच्या आर्चबिशपचं. तो नुसता धर्मगुरू नव्हता, त्या मुलखाचा राजाही होता. ज्या गावाच्या ढालीवर हे चाक, ते गाव कधीकाळी त्याच्या अमलाखाली होतं असं बहुधा समजावं. माइन्त्सचं ते राज्य 1803 च्या सुमारास संपलं. सव्वादोनशे वर्षं झाली, तरी कचरागाडीवरच्या चिन्हातून गावाचा जुना धनी कळतो.

या चिन्हांचं एक शास्त्र आहे. रंग मोजके: सोनेरी आणि रुपेरी हे दोन 'धातू', आणि तांबडा, निळा, हिरवा, काळा हे मुख्य रंग. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही, असा नियम. कारण अगदी व्यवहारी आहे: रणांगणावर लांबून ढाल ओळखू आली पाहिजे. उजवं-डावं ठरतं ते ढाल धरणाऱ्याच्या बाजूने, बघणाऱ्याच्या नव्हे. आणि मुख्य म्हणजे चिन्हाचं शब्दांत केलेलं वर्णन नोंदलेलं असतं: 'तांबड्या ढालीवर रुपेरी, सहा आऱ्यांचं चाक.' एवढ्या शब्दांवरून कुणीही चित्रकार आपल्या हाताने ते काढू शकतो. चाक जाड निघो की बारीक, चिन्ह तेच राहतं. आमच्या धंद्यात याला स्पेसिफिकेशन म्हणतात. प्रोग्राम कुणी कसाही लिहो, त्याने काय करायचं ते आधी कागदावर ठरलेलं असतं.

आता आपल्याकडे येऊ. (आपल्या शाळेच्या बिल्ल्यावर काय काय होतं, हे न बघता सांगणाऱ्याला स्नेहसंमेलनात माझ्याकडून एक संत्रा बर्फी. पांढऱ्या शर्टाला पडलेला पिनेचा गंजका डाग सगळ्यांना आठवतो, चिन्ह फार थोड्यांना.)

चिन्ह या अर्थाचा आपल्याकडचा जुना शब्द आहे लांछन. आज आपण 'चारित्र्याला लांछन' म्हणतो तेव्हा डाग, कलंक एवढंच मनात येतं. पण मूळ अर्थ ओळखीची खूण. जैन तीर्थंकरांच्या मूर्ती लांछनावरून ओळखतात: महावीरांचं लांछन सिंह, पार्श्वनाथांचं नाग. राजघराण्यांचीही लांछनं होती. बदामीच्या चालुक्यांचं वराह, देवगिरीच्या यादवांच्या ध्वजावर गरुड. होयसळांचं चिन्ह तर बर्लिनच्या अस्वलासारखं बोलकं आहे. सळ नावाचा तरुण हिंस्र पशूला मारतो आहे, आणि 'होय, सळ', म्हणजे 'हाण, सळा', या हाकेतून घराण्याचं नाव आलं अशी कथा आहे. युरोपात चिन्हांची नोंद ठेवणारे खास अधिकारी होते. आपल्याकडे तशी कचेरी नव्हती. ताम्रपट, नाणी, देवळं आणि वेशी हेच आपलं दप्तर. त्या दप्तरातलं विदर्भातलं एक ठळक पान म्हणजे चंद्रपूरचा परकोट.

चांद्याच्या गोंड राजांची राजधानी आधी बल्लारपूरला होती. परंपरा सांगते की खांडक्या बल्लाळशहा या राजाने पंधराव्या शतकात चंद्रपूर वसवलं आणि कोटाचा पाया घातला. पुढे पिढ्यान्‌पिढ्या काम चालून धुंड्या रामशहाच्या काळात तो पूर्ण झाला. सुमारे अकरा किलोमीटरचा हा दगडी कोट आजही शहराला वेढून आहे. त्याला चार दरवाजे: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे माणसांच्या ये-जा करण्यापुरती लहान दारं. कोटाबाहेर अचलेश्वराचं देऊळ, गोंड राजांच्या समाध्या आणि महाकालीचं मंदिर. बीरशहाची समाधी त्याची राणी हिराई हिने बांधवली. राजाने राणीसाठी बांधलेल्या इमारती आपल्याला ठाऊक असतात. इथे राणीने राजासाठी बांधलेली आहे.

कोटाच्या दरवाजांवर ते चिन्ह आहे. कमानीच्या दोन्ही अंगांना सिंहासारखा पशू, उग्र चेहरा, वळलेली शेपटी, आणि पंजाखाली हत्ती. खरा हत्ती सिंहाच्या कितीतरी पट मोठा. शिल्पात तो मांजराच्या पंजात सापडलेल्या उंदरासारखा लहान आहे. जर्मन ढालींवरही असंच असतं. किल्ली बुरुजाएवढी आणि बुरूज किल्लीएवढा. चिन्हात आकार अर्थाने ठरतो, मापाने नाही.

पहिला प्रश्न असा की सिंहच का? चंद्रपूर हा वाघांचा मुलूख. ताडोबा शेजारीच आहे. गावकरी या शिल्पाला सर्रास वाघ म्हणतात, आणि त्यात काही वावगं नाही. पण शिल्पातला प्राणी रानातून आलेला दिसत नाही. तो आलाय दगडातून. वैनगंगेच्या काठी मार्कंड्याला जी देवळं आहेत, त्यांच्यासारख्या मध्ययुगीन देवळांच्या भिंतींवर व्याल नावाचा काल्पनिक पशू असतो. अंग सिंहाचं, तोंड कधी सिंहाचं तर कधी दुसऱ्याच प्राण्याचं. हाच प्राणी किल्ल्यांच्या दारांवर आला की त्याला शरभ म्हणतात, कुठे शार्दूल म्हणतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फाटकावर इंग्रजांनी दोन खांबांवर एक सिंह आणि एक वाघ बसवला: सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. गंमत अशी की ज्या ब्रिटनच्या रानात सिंह नाही त्याने सिंह घेतला, आणि वाघांच्या चांद्यानेही सिंहच घेतला. राजचिन्हातला प्राणी निवडताना आसपासचं जंगल कुणी मोजत नाही.

दुसरा प्रश्न हत्तीचा. इथे जरा थांबून, एक जुना गैरसमज बाजूला करायला हवा. कोणार्कला, खजुराहोला किंवा एखाद्या किल्ल्यावर गेलात की गाइड ठामपणे सांगतो, "सिंह म्हणजे हिंदू धर्म, हत्ती म्हणजे बौद्ध धर्म, एकाने दुसऱ्याला हरवलं." वाक्य लक्षात राहायला सोपं आहे, पण टिकत नाही. सिंह तर बुद्धाचीच खूण. त्यांना शाक्यसिंह म्हणतात, आणि सारनाथच्या अशोकस्तंभावर चार सिंहच आहेत. त्याच स्तंभावर, सिंहांच्या पायाखालच्या पट्टीत, हत्ती, बैल, घोडा यांच्या रांगेत पुन्हा सिंह आहे, आणि तिथे कुणी कुणाला मारत नाही. दुसरा पुरावा भूगोलाचा. हत्तींना पकडणारा असाच पशू जंजिऱ्याच्या दरवाजावर आहे, आणि जंजिरा सिद्दींचा. बिदरच्या बहमनी किल्ल्याला शर्जा दरवाजा आहे, आणि शर्जा म्हणजेच सिंह. रायगड आणि शिवनेरीवर शरभ आहेत. गोंड, मराठे, सिद्दी, बहमनी, ओरिसाचे राजे, सगळ्यांनी कमीअधिक फरकाने हीच भाषा वापरली. जी भाषा सगळ्यांची, तिच्यात एका धर्माची दुसऱ्यावरची फत्ते कशी वाचायची?

आपण नागपूरचे. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर जे घडलं, त्याची मुलंबाळं, नातवंडं आपल्याच वर्गात, आपल्याच बाकावर बसत होती. दगडावर नसलेला अर्थ सहलीतल्या चाळीस मुलांना ऐकवताना त्यातल्या काहींच्या घरच्या श्रद्धेचा पराभव आपण मजेत सांगत असतो. म्हणून हा मुद्दा एवढा लांबवला. इथे शिकवणारे जे शिक्षक हे वाचत असतील, त्यांना विनंती की पुढच्या सहलीत गाइडला दोन प्रश्न जरूर विचारावेत.

मग हत्ती कोण? त्या काळात हत्ती म्हणजे बळ, वैभव आणि सैन्य. मोठ्या सत्तेची मोजदाद हत्तींवर व्हायची. 'हत्ती पायाखाली' याचा साधा अर्थ 'मोठ्या सैन्याला आम्ही भीत नाही' असा. वेशीवर लावायला पाटी म्हणून हे बरोबरच. आत येणाऱ्याने वाचावं आणि चढाई करणाऱ्यानेही वाचावं.

पण मला वाटतं चांद्याच्या बाबतीत आणखी एक पदर आहे, आणि तो शहराच्या जन्मकथेत सापडतो. कथा अशी: खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी होत्या. झरपट नदीच्या पात्रातल्या पाण्याने त्याला बरं वाटलं, ती जागा पुढे अचलेश्वराची झाली. त्याच परिसरात राजा शिकारीला गेला असताना त्याने एक अजब पाहिलं. त्याच्या कुत्र्यामागे एक ससा लागला होता. सशाच्या कपाळावर पांढरा चांद होता. राजाने राणीला सांगितलं, तेव्हा राणी म्हणाली, ही जागा शुभ आहे, ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर कोट बांधा. चांदाच्या सशावरून चंद्रपूर, असं कथा सांगते.

आता सशाची गोष्ट आणि दरवाजावरचं शिल्प शेजारी ठेवून पाहा. एकात ससा कुत्र्याला पळवतो. दुसऱ्यात सिंह आपल्याहून थोराड हत्तीला खाली दाबतो. दोन्हींत लहानाने मोठ्याला हरवलं आहे. कोटाची आखणी ज्या कथेने सांगितली जाते, तिचंच वाक्य कोटाच्या दारावर दगडात आहे.

इंजिनीअर असल्यामुळे स्वतःच्याच तर्काला टेस्ट लावून बघते. सशाची कथा एकट्या चंद्रपूरची नाही. अहमदाबादच्या आणि विजयनगरच्या स्थापनेबद्दलही सशा-कुत्र्याची अशीच गोष्ट सांगतात. सिंह-हत्तीही सगळीकडे आहेत, ते वर पाहिलंच. म्हणजे दोन्ही गोष्टी चांद्याने शोधून काढल्या नाहीत, सगळ्यांच्या सामाईक साठ्यातून उचलल्या. पण साठ्यात इतरही पुष्कळ होतं. गरुड होता, वराह होता, सूर्य-चंद्र होते. माणिकगडच्या दरवाजावर नाग आहे, कारण तो नागवंशी माना राजांचा मानतात. इतकं उपलब्ध असताना चांद्याने दोन्ही वेळा 'लहान विरुद्ध मोठा' हेच उचललं. आम्ही प्रोग्राम लिहितो तेव्हा तयार लायब्ररीतलेच तुकडे वापरतो. तुकडे सगळ्यांचे असतात, निवड आपली असते, आणि निवडीवरून माणूस कळतो.

ही निवड त्या राज्याला शोभणारी होती. ऐन-ए-अकबरीत चांद्याच्या बाबाजी नावाच्या गोंड राजाची नोंद आहे: एक हजार घोडदळ आणि चाळीस हजार पायदळ. आकडे पाहा. घोडे कमी, पायी लढणारी माणसं खूप. दख्खनच्या सुलतानांच्या आणि मोगलांच्या मधोमध जंगल, नद्या आणि पायदळ यांच्या बळावर उभं असलेलं हे राज्य. त्याने स्वतःला हत्ती म्हणवून घेतलं नाही, यात मला शहाणपण दिसतं.

अर्थात इतिहास चिन्हाच्या आज्ञेत राहत नाही. पुरंदरच्या वेढ्यामुळे आपल्याला ठाऊक असलेला दिलेरखान 1667 मध्ये चांद्यावर चालून आला आणि जबर खंडणी घेऊन गेला. 1751 मध्ये नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांनी चांदा आपल्या राज्याला जोडलं. शेवटचा राजा नीलकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत गेला. मे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी कोटाला खिंडार पाडलं. प्रत्येक वेळी हत्ती जिंकला, आणि दरवाजावरचा हत्ती मात्र पंजाखालीच राहिला. भोसल्यांनी शिल्पं फोडली नाहीत, इंग्रजांनीही नाहीत. मग 1858 मध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी गोंड आणि इतर आदिवासींची फौज उभारून इंग्रजांशी लढा दिला. 21 ऑक्टोबर 1858 ला त्यांना चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. ते पंचविशीत होते. सशाने कुत्र्यामागे लागावं तसंच हे धाडस, ज्या कोटाच्या दारांवर सिंह हत्तीला दाबून उभा होता त्याच गावात संपलं.

राज्य गेल्यावर राजचिन्हाचं काय होतं? माइन्त्सचं चाक गावकीचं झालं. चांद्याचा सिंह समाजाचा झाला. आज गोंडवानाच्या झेंड्यांवर, मेळाव्यांच्या फलकांवर, लग्नपत्रिकांवर, घरच्या कॅलेंडरवर हत्तीवर स्वार सिंह दिसतो. आपल्या वर्गातल्या एका गोंड मैत्रिणीच्या घरी मी ते कॅलेंडर पहिल्यांदा पाहिलं होतं. देवाचा फोटो असतो तशा उंचीवर ते लावलेलं होतं. राजांना ते 'आम्हाला भिऊन असा' असं सांगायला हवं होतं. तिच्या वडिलांना ते 'आम्हीही इथलेच, आणि आधीचे' असं सांगत होतं. शिल्प तेच, अर्थ वर सरकला. मला दुसरा अर्थ अधिक मोलाचा वाटतो.

कारण तो आपल्या गावालाही लागू आहे. नागपूर 1702 मध्ये वसवलं ते देवगडच्या बख्त बुलंदशहाने, म्हणजे गोंड राजानेच. देवगडचं घराणं वेगळं, चांद्याचं वेगळं. बारा लहान खेडी जोडून हे गाव झालं असं सांगतात. बख्त बुलंदाचा मुलगा चांद सुलतान याने इथे राजधानी आणली, कोट घातला, जुम्मा तलाव बांधला. तोच आज आपला गांधीसागर. भोसले त्यानंतर आले. महालात शिकवणीला जाता-येता ज्या रस्त्यांवरून आपण सायकली पिटाळल्या, त्यांची पहिली आखणी गोंडांची. पाठ्यपुस्तकात हे सगळं अर्ध्या पानात उरकायचं, आणि परीक्षेत त्यावर दोन मार्कांची टीप यायची. त्यामुळे ज्यांनी हे गाव वसवलं त्यांचीच मुलं वर्गात पाहुण्यासारखी बसत.

चंद्रपूरचा कोट मधल्या काळात झाडाझुडपांनी आणि कचऱ्याने भरून गेला होता. 2017 पासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी श्रमदान करून तो मोकळा केला, आणि त्या कामाची देशभर दखल घेतली गेली. दरवाजातून मात्र आजही रहदारी अखंड चालू असते. रिक्षा, दुचाकी, मालाचे टेम्पो सिंहाच्या पायाखालून जातात. हत्तीसारखेच तेही आता सवयीचे झालेत.

शेवटी एक व्यवहारी सूचना. स्नेहसंमेलनाला पुण्या-मुंबईहून आणि परदेशातून येणारी बरीच मंडळी मुलांना घेऊन ताडोबाला जायचं ठरवत आहेत, असं ग्रुपवर दिसतंय. वाघ दिसेल की नाही, याची खात्री कुणीच देणार नाही. चंद्रपूरचा सिंह मात्र हमखास दिसतो, तिकीट नाही, बुकिंग नाही. नागपूरहून दीडशे किलोमीटर. उत्तरेकडून शिरलात की जटपुरा गेट. गाडी जरा पुढे बाजूला लावा, कारण गेटातच थांबलात तर मागचे हॉर्न वाजवून बेजार करतील. कमानीच्या दोन्ही बाजूंना वर बघा. आणि मुलांनी "हे काय आहे?" असं विचारलं, तर आधी त्यांनाच विचारा, "यातला लहान कोण आणि मोठा कोण?"